खिडकीवरचे गद्य

मराठीत समीक्षा कशाची होत नाही? कवितेची होते, नाटकाची होते, दिवाळी अंकांची तर मुखपृष्ठापासून जाहिरातींपर्यंत होते. लग्नातल्या जेवणाची समीक्षा हात धुवायच्या आत सुरू होते. पण ज्या गद्यापुढे आजचा माणूस ताटकळत बसतो, एकेक वाक्य तीन तीनदा वाचतो आणि वाचून झाल्यावर शेजारच्या इंजिनिअर मुलाला हाक मारतो, त्या गद्याला अजून समीक्षक मिळालेला नाही. मी बोलतो आहे ते कॉम्प्युटरवर ईमेलचा प्रोग्राम बसवताना एकामागून एक उघडणाऱ्या खिडक्यांतल्या मजकुराबद्दल.

या वाङ्मयाचा माझा सखोल अभ्यास झाला तो वाशिमला, थोरल्या मामांच्या घरी. मामा पोस्टातून निवृत्त झाले. रिसोड, मालेगाव, मानोरा अशी त्यांची नोकरी फिरत झाली, आणि त्यातली बरीचशी वाशिम अकोल्याच्या पदराखाली होते तेव्हाची. (जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. तोवर वाकाटकांची ही वत्सगुल्म नगरी सरकारदरबारी तालुका म्हणून दिवस काढत होती.) आयुष्यभर मामा खिडकीच्या आत बसले आणि लोक बाहेर उभे राहिले. आता मामा बाहेर होते, आणि आत कोण आहे याचा पत्ता लागत नव्हता.

मामांना ईमेल मोबाइलवर वाचता येत नव्हती असे नाही. पण धाकटे मामा नागपूरहून दर आठवड्याला रोमन लिपीत मराठी पत्र लिहीत. 2021 साली ते गेले. हजारावर पत्रे राहिली, आणि तीही कुठे, तर कुठल्या तरी परक्या कंपनीच्या कपाटात. मामांचे म्हणणे एवढेच होते की टपाल घरी आले पाहिजे. "ज्याचं पत्र त्याच्या हातात. पोस्टात किती दिवस ठेवता?"

आता हे काम करणारी जी पद्धत आहे तिचे नावच मुळी पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, म्हणजे पॉप. तिचा पहिला आराखडा 1984 सालचा. पॉप म्हणजे टपाल पेटीतून काढून घरी आणणे, आणि दुसरी ती आयमॅप, म्हणजे टपाल तिथेच ठेवून खिडकीतून वाचून परत येणे. या विषयाचे साहित्याशी नातेही जुने आहे. 1988 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी ईमेलचा जो प्रोग्राम लिहिला त्याला त्यांनी युडोरा हे नाव दिले, ते युडोरा वेल्टी या कथालेखिकेवरून. कारण वेल्टीबाईंच्या 1941 सालच्या एका कथेत घरच्यांशी भांडून पोस्टातच राहायला गेलेली नायिका होती! ज्या घराण्याचा मूळ पुरुष असा वाचक होता, त्याच्या पुढच्या पिढ्यांनी इतके रूक्ष लिहावे याचे राहून राहून नवल वाटते.

प्रस्तुत कृतीचा नायक स्वतःला विझर्ड म्हणवतो. विझर्ड म्हणजे जादूगार. जादूगाराने टोपीतून ससा काढावा अशी आपली अपेक्षा. हा ससा प्रेक्षकांकडेच मागतो. येणाऱ्या पत्रांच्या सर्व्हरचे नाव काय? जाणाऱ्यांच्या सर्व्हरचे काय? पोर्ट कितवे? वास्तविक यात अवघड काही नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीच्या कपाटातसुद्धा आवक-जावक रजिस्टर असते. आणि पोर्ट म्हणजे खिडकीचा नंबर, आवक 995, जावक 587. एवढे सांगताच मामांचा चेहरा खुलला. "मग असं सरळ लिहायले काय झालं होतं?" हा प्रश्न मी या समीक्षेच्या केंद्रस्थानी ठेवतो.

पहिला अंक सुरू होतो तोच शोकान्त होऊन. खिडकी म्हणाली, समोरच्या सर्व्हरची ओळख पटत नाही, त्याचे प्रमाणपत्र ग्राह्य नाही, धोका आहे. आम्ही घाबरलो. मामी म्हणाल्या, कशाले नसत्या भानगडीत पडता? मामा मात्र चष्मा पुसून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बघत राहिले. तिथे बारीक अक्षरांत 1 जानेवारी 2009 ही तारीख होती.

"तारीख पाह्य पहिले," मामा म्हणाले. "सकाळी ऑफिस उघडलं की आधी शिक्क्याची तारीख बदलायची. बाकी सब बाद में."

मुद्दा असा की कॉम्प्युटरच्या पोटात घड्याळ चालते ठेवणारा एक चपटा सेल असतो, रुपयाएवढा. तो मेला की यंत्र बंद होताच घड्याळ मागे पळते, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे विचारू नका. सर्व्हरच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. 2009 सालात बसलेल्या यंत्राला आजचे प्रमाणपत्र भविष्यातले, म्हणजेच खोटे वाटणार. म्हणजे चूक आपल्या घरच्या घड्याळाची, आणि संशय समोरच्या सज्जनावर! कादंबरीतला निवेदक असा खोटे बोलू लागला तर त्यावर प्रबंध होतात. इथे फक्त घड्याळजीकडून सेल आणावा लागला.

दुसऱ्या अंकात खिडकीने विचारले, नाव किंवा पासवर्ड चुकला आहे का? शेवटी प्रश्नचिन्ह. मामा खवळले. "हा मलेच विचारून राहिला! अरे, मी तुले विचारून राहिलो ना!" पासवर्ड चार वेळा टाकला. चारही वेळा बरोबर होता, कारण त्याच पासवर्डाने मोबाइलवर पेटी उघडत होती.

इथे थोडे पोस्टाच्या गद्याविषयी बोलले पाहिजे. पत्र पोचले नाही तर पोस्टमन त्यावर शेरा लिहितो. घर बंद. पत्ता अपुरा. घेण्यास नकार. गाव सोडून गेले. दोन-तीन शब्द, खाली सही आणि तारीख. पत्र का परत आले, दोष कोणाचा, आता काय करायचे, सगळे त्यात येते. या शैलीतली अक्षरगणना तर आणखी थोर. 1972 सालच्या 15 ऑगस्टला आलेला पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतला, आणि वेलणकर संस्कृतचे कवी. 444505 या सहा आकड्यांत अर्धा हिंदुस्थान ओलांडून पत्र वाशिमला येते. कवीने लिहिलेला पत्ता असा असतो.

आणि गंमत म्हणजे ईमेलच्या जनकांनाही हे ठाऊक होते. जावक टपालाचे नियम 1982 साली जॉन पोस्टेल यांनी लिहिले. (आडनाव खरेच पोस्टेल.) त्यात सर्व्हरने तीन आकडी शेरा द्यायचा असे ठरले. पहिला आकडा 2 असेल तर काम झाले. 4 असेल तर तात्पुरती अडचण, पुन्हा या. 5 असेल तर तसेच पुन्हा आणून उपयोग नाही, काही तरी बदला. मामांनी हे ऐकून मान डोलावली. आपल्या खात्यातला माणूस, असे त्यांचे मत पडले.

मग हा शेरा आमच्यापर्यंत का आला नाही? शेजारच्या इंजिनिअर मुलाने प्रोग्रामच्या पोटातली नोंदवही उघडली तेव्हा कळले, की दूरच्या सर्व्हरने इमानेइतबारे लिहून पाठवले होते : या प्रोग्रामसाठी वेगळा पासवर्ड लागेल. खिडकीने ते वाचले, गिळले, आणि वर प्रश्नचिन्ह लावून आम्हाला विचारले. पोस्टमनने शेरा खोडून 'पत्ता चुकला की काय?' असे लिहिले असते तर मामांनी त्याचा खुलासा मागवला असता.

वेगळ्या पासवर्डाची भानगड अशी. नुसते नाव आणि पासवर्ड सांगून आत शिरणाऱ्या प्रोग्रामांना गूगलने 30 मे 2022 पासून दार बंद केले, आणि इतरही कंपन्या त्याच वाटेने गेल्या. हेतू चांगला आहे, चोर वाढले आहेत. आता एक तर कंपनीच्या स्वतःच्या पानावर जाऊन ओळख द्यायची, नाही तर तिच्याकडून त्या प्रोग्रामापुरता पासवर्ड मागून घ्यायचा. मामांना मिळाला तो सोळा अक्षरांचा होता, चार-चार अक्षरांचे चार गट. हिशेबाने अनुष्टुभाच्या बरोबर निम्मा. अर्थ नाही, पण चरण व्यवस्थित. साऱ्या कृतीत छंदाची जाण दिसली ती एवढीच.

पण माझा खरा आक्षेप शेवटच्या खिडकीवर आहे. तिथे एका कोपऱ्यात, फिक्या अक्षरांत एक चौकोन होता : पत्रे सर्व्हरवर ठेवावीत, आणि खाली, 14 दिवसांनी काढून टाकावीत. दुसऱ्या चौकोनात खूण आधीच केलेली! म्हणजे पत्रे घरच्या यंत्रात आली की पंधरवड्यात कंपनीच्या कपाटातून जाणार, आणि पुढे कधी हे यंत्र बिघडले की धाकटे मामा दुसऱ्यांदा जाणार. ज्या वाक्यावर सारे अवलंबून ते सर्वांत बारीक टाइपात, आणि 'स्वागत आहे' हे मात्र बोटभर उंचीच्या अक्षरांत. संपादक असता तर त्याने हे उलटे केले असते. मामांनी ती खूण काढली, दोनदा बघितली, आणि मगच पुढचे बटण दाबले.

मग टपाल यायला लागले. एक, दोन, चाळीस, तीनशे. मामा आकड्याकडे बघत बसले. जेवायला उठले नाहीत. बाराशेच्या आसपास आकडा थांबल्यावर त्यांनी सर्वांत जुने पत्र उघडले, वाचले, आणि त्यात धाकट्या मामांनी मागितलेली कारंज्याच्या कोणा दुकानाची चौकशी आपण केली होती की नाही, हे मामींना विचारले. मामींनी नाही सांगितले.

दुसऱ्या दिवशी मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. विषयावरचे उपलब्ध वाङ्मय पाहता मी ती सर्वश्रेष्ठ मानतो, म्हणून पूर्ण देतो : 'आधी तारीख पाहावी. आवक 995. जावक 587. नेहमीचा पासवर्ड चालत नाही, सोळा अक्षरी घालावा, वहीत आहे. खालच्या चौकोनात खूण करू नये.' खाली सही आणि तारीख होती.