क्रूस काढून घेतल्यावर : इस्तंबूल आणि लाहोरचा ड्रॅक्युला

ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. रोजनिशी, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे यांतून ती सांगितलेली आहे. उर्दू वाचणाऱ्यांना ती नवी नाही. अहमदाबादच्या मजहरुल हक अल्वी यांनी केलेला तिचा तर्जुमा आमच्या पिढीतल्या अनेकांनी एकाच प्रतीवर आळीपाळीने वाचला आहे. तिच्यावर निघालेल्या चित्रपटांविषयी मात्र आपल्याकडे गांभीर्याने लिहिले जात नाही. भुताखेतांचा सिनेमा म्हणजे पोराटोरांची करमणूक, असे आपण ठरवून टाकले आहे. आम्हाला ते मान्य नाही. कोणता समाज कशाला भितो आणि त्या भीतीवर कोणता उतारा शोधतो, हे अशा चित्रपटांतून जितके कळते तितके उपदेशपर चित्रपटांतून कळत नाही.

मूळ कादंबरीत ड्रॅक्युला क्रुसाला भितो, हे सर्वांना ठाऊक असते. एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वाड्याकडे निघालेल्या जोनाथन हार्करच्या गळ्यात खानावळीची मालकीण क्रूस घालते तेव्हा तो घुटमळतो. तो इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट पंथाचा. असली वस्तू मूर्तिपूजेकडे झुकणारी, हे त्याला लहानपणापासून शिकवलेले. म्हातारीचे मन मोडवत नाही म्हणून तो घेतो आणि पुढे त्याच क्रुसाने त्याचा जीव वाचतो. म्हणजे ही वस्तू देवाची की केवळ दिलाशाची, हा सवाल स्टोकरच्या पुस्तकातच आहे. पाश्चात्य चित्रपटांनी हा घुटमळण्याचा क्षण सहसा गाळला आणि क्रूस तेवढा उचलला. टॉड ब्राउनिंगच्या १९३१च्या चित्रपटात क्रूस दिसताच बेला लुगोसी तोंड फिरवतो. टेरेन्स फिशरच्या १९५८च्या रंगीत चित्रपटात पीटर कुशिंग दोन मेणबत्तीदाण्या आडव्या-उभ्या धरून क्रूस करतो आणि ख्रिस्तोफर लीला उन्हात ढकलतो. दृश्य जबरदस्त आहे. पण विचाराची वाट तिथे बंद होते, चिन्ह दाखवले की काम झाले.

उन्हाने ड्रॅक्युला मरतो ही कल्पनाही स्टोकरची नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. कादंबरीत तो दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. शेवटी त्याचा खातमा हार्करची कुकरी आणि क्विन्सी मॉरिसचा सुरा हे दोघे मिळून करतात. उन्हाचा शोध मुर्नाऊच्या १९२२च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाचा. तो कादंबरीचे हक्क न घेताच काढला होता. स्टोकरच्या विधवेने दावा लावला आणि त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. तरीही चित्रपट वाचला आणि त्याने काढलेली युक्ती साऱ्या जगाने घेतली. लाहोरनेही घेतली, त्याबद्दल पुढे.

आता प्रश्न असा की ज्या मुलखात क्रूस हे श्रद्धेचे चिन्हच नाही, तिथे ही कथा नेली तर काय होते? या प्रश्नाची दोन उत्तरे दोन मुस्लिम शहरांनी दिली आहेत.

पहिले उत्तर इस्तंबूलचे. १९२८ साली, ज्या वर्षी तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून लॅटिन लिपी स्वीकारली त्याच वर्षी, अली रिझा सेफी यांनी 'काझिक्ली व्होयव्होदा' म्हणजे 'सुळावर चढवणारा सरदार' ही कादंबरी काढली. ती उघडउघड स्टोकरच्या पुस्तकावरून बेतलेली होती. हार्करचा अझमी झाला, मीनाची गुझिन झाली, लंडनचे इस्तंबूल झाले आणि क्रुसाची जागा कुराणने घेतली. सेफींनी आणखी एक गोष्ट ठासून सांगितली. स्टोकरने विल्यम विल्किन्सनच्या पुस्तकातून जवळजवळ केवळ नाव उचलले होते. सेफींनी ते नाव वालाचियाच्या व्लाद या क्रूर सरदाराशी सरळ जोडले. तुर्की वाचकाच्या दृष्टीने हा परका पिशाच नव्हता, घरच्या इतिहासातला जुना दुश्मन होता.

या कादंबरीवरून मेहमेत मुहतार यांनी १९५३ साली 'द्राकुला इस्तांबुलदा' हा चित्रपट केला. साधनसामग्री बेताची, सेट साधे, पण काही बाबतींत तो १९३१च्या हॉलिवूडपटाच्या पुढे आहे. लुगोसीला सुळे नाहीत, अतिफ काप्तानला आहेत. ड्रॅक्युला वाड्याच्या भिंतीवरून पालीसारखा खाली उतरतो हे कादंबरीतले अंगावर काटा आणणारे दृश्य ब्राउनिंगने टाळले होते, मुहतारने घेतले. गुझिन इथे नर्तकी आहे. नायकाची पत्नी रंगमंचावर नाचते आणि त्यात चित्रपटाला काही वावगे वाटत नाही. त्या काळच्या तुर्की प्रजासत्ताकाचा चेहरा इथे दिसतो.

पण आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल निराळाच आहे. कादंबरीतले कुराण चित्रपटात शस्त्र म्हणून येत नाही. भुताला पळवायला उरतो तो लसूण. काही समीक्षक हा केवळ धर्मनिरपेक्ष राजवटीचा परिणाम मानतील. तो असेलही. आम्हाला मात्र हा निर्णय कलेच्या आणि श्रद्धेच्याही दृष्टीने योग्य वाटतो. कुराण वाचण्यासाठी, समजून घेण्यासाठी आहे. ते पिशाचासमोर ढालीसारखे धरले की त्याचा ताईत होतो. आमच्या वर्गात परीक्षेच्या दिवसांत दंडावर ताईत बांधून येणारी मुले असतात. त्यांना आम्ही रागावत नाही, पण आयतीचा अर्थ विचारतो आणि बहुधा उत्तर येत नाही. पवित्र ग्रंथाला जादूचे सामान करण्यापेक्षा स्वयंपाकघरातला लसूण पत्करला.

दुसरे उत्तर लाहोरचे, आणि ते अधिक खोल आहे. ख्वाजा सरफराज यांचा 'जिंदा लाश' १९६७ साली आला. केवळ प्रौढांसाठी असा दाखला मिळालेला हा पाकिस्तानातला पहिला चित्रपट, असे सांगतात. दृश्यांची मांडणी बरीचशी १९५८च्या इंग्रजी चित्रपटावरून घेतली आहे. डॉक्टर अकील वाड्यावर येतो, त्याच्या वाग्दत्त वधूची तसबीर यजमानाच्या नजरेस पडते, पुढचे आपण ओळखतो. मध्येच नाचगाणी येतात, मोटारींचा पाठलाग येतो. पार्श्वसंगीत कधी कुठे जाईल याचा नेम नाही. पिशाचिणीचा नाच पाहून हसू येईल त्याला आम्ही दोष देणार नाही.

परंतु कथेच्या मुळाशी जो बदल केला आहे तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इथला ड्रॅक्युला कुणी शापित सरदार नाही. तो प्रोफेसर तबानी, शास्त्रज्ञ आहे. मौतीवर मात करणारे औषध, आपल्या जुन्या दास्तानांच्या भाषेत आब-ए-हयात, तो प्रयोगशाळेत बनवतो आणि स्वतःच पितो. मरतो, आणि मेलेला राहत नाही. आपल्या श्रद्धेत मेलेला माणूस स्वतःच्या मर्जीने थडग्यातून उठून हिंडत नाही. मग पिशाच आणायचा कुठून? सरफराज यांनी तो माणसाच्या हव्यासातून आणला. यात 'डॉ. जेकिल आणि मिस्टर हाइड'ची छाया आहे हे खरे, पण उसनवारी इतकी नेमक्या जागी बसली आहे की ती उसनवारी वाटत नाही. रेहान यांनी केलेला तबानी कमी बोलतो आणि त्याच्या डोळ्यांत एक थकवा आहे. हवे होते ते मिळाले आणि आता ते टाकता येत नाही, असा तो थकवा.

आणि या चित्रपटात क्रूस नाही, कुराण नाही, लसूणही नाही. अलौकिक विद्या जाणणारा व्हॅन हेल्सिंगही नाही. अकीलचा भाऊ साध्या माणसासारखा शोध घेतो, झटापट करतो आणि शेवटी खिडकीतून सकाळचे ऊन आत येते. बस्स. धर्माचे एकही चिन्ह न दाखवता चित्रपट आपल्या श्रद्धेच्या गाभ्याशी प्रामाणिक राहतो, कारण जीवन-मरण माणसाच्या हातात नाही हेच तो सांगतो. चिन्हे मिरवणाऱ्या कितीतरी धार्मिक चित्रपटांना हे साधलेले नाही.

यानंतर फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा १९९२चा चित्रपट पाहिला की निराळीच गंमत दिसते. शीर्षकात लेखकाचे नाव मिरवणाऱ्या या चित्रपटाची सुरुवातच कादंबरीत नाही. १४६२ साल, युरोपवर चालून आलेले तुर्क, त्यांनी बाणावरून पाठवलेली खोटी खबर, राणीची आत्महत्या आणि संतापाने देवाला नाकारणारा व्लाद. स्टोकरचा ड्रॅक्युला तुर्कांशी लढलेल्या पूर्वजांची बढाई मारतो, पण आपल्या पापाचे खापर त्यांच्यावर फोडत नाही. कोपोलाने फोडले. गॅरी ओल्डमनचा अभिनय, पोशाख, सावल्यांचे खेळ अप्रतिम आहेत, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो. म्हणूनच तो धोका अधिक. २०१४च्या 'ड्रॅक्युला अनटोल्ड'ने तर पुढची मजल गाठली. तिथे सुलतान एक हजार मुलगे मागतो आणि रक्तपिपासू सरदार प्रजेचा तारणहार बनतो. आपल्या घरातला मुलगा हे पाहताना व्लादच्याच बाजूने टाळ्या वाजवतो, कारण कॅमेरा त्याला तिथेच बसवतो.

इतिहास मात्र दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. व्लाद आणि त्याचा धाकटा भाऊ रादू हे दोघे लहानपणी उस्मानी दरबारात ओलीस होते. एक परत गेला आणि त्याच तुर्कांना सुळावर चढवू लागला. दुसरा त्यांच्याकडेच राहिला आणि १४६२ साली त्यांच्या मदतीने भावाची गादी घेतली. हंगेरीच्या राजाला लिहिलेल्या पत्रात व्लादने मारलेल्यांचा आकडा मोजून २३,८८४ असा दिला आहे. एकाच घरातले, एकाच दरबारात वाढलेले दोन भाऊ, ओलिसांच्या पोटी निपजलेले हे क्रौर्य. यावर केवढी कथा उभी राहिली असती! कोपोलाच्या चित्रपटात रादूचा मागमूस नाही. इस्तंबूलच्या चित्रपटालाही व्लाद फक्त दुश्मन म्हणूनच हवा आहे, आपल्याच दरबारात वाढलेला पोर म्हणून तो नकोसा आहे. नेटफ्लिक्सवरच्या 'राइज ऑफ एम्पायर्स : ऑटोमन' या मालिकेच्या २०२२च्या दुसऱ्या भागात हा धागा थोडाफार हाती घेतला आहे, पण तिथे युद्धाचा धुरळा इतका की भाऊ त्यात हरवतात.

'जिंदा लाश' बरीच वर्षे मिळतच नव्हता. २००३ साली त्याची डीव्हीडी निघाली, तीही लाहोरहून वा कराचीहून नव्हे, एका परदेशी कंपनीकडून. संवाद स्वच्छ उर्दूत आहेत, त्यामुळे आपल्या घरांत तो समजायला अडचण नाही. लहान मुलांना मात्र बाजूला ठेवावे. पिशाच एका बालकावर झडप घालतो ते दृश्य त्यांच्यासाठी नाही.