तुकोबांचा आनंद आणि दुष्काळ

तुकोबांच्या आनंदपर अभंगांविषयी आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यांतील बरेचसे वाचताना हा आनंद एखाद्या सुस्थितीतील गृहस्थाला सायंकाळी सुचला असावा, असा भास होतो. डोहावर तरंग उठावेत तसा आनंद आनंदातूनच उठतो, हे सांगणारा प्रसिद्ध अभंग मुले तोंडपाठ म्हणतात, कीर्तनांतून तो टाळांच्या गजरात गाइला जातो. तो रचणारा पुरुष दुष्काळात दिवाळे निघालेला देहूचा वाणी होता, ही गोष्ट मात्र चरित्राच्या धड्यात राहते, काव्याच्या धड्यात शिरत नाही. ही फारकत रसग्रहणाला घातक आहे.

१६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ केवळ दख्खनचा नव्हता. गुजरातही त्यात होरपळला. त्या वर्षी सुरतेहून आग्र्यास निघालेल्या पीटर मंडी या इंग्रजाने वाटेवरील प्रेतांचे वर्णन लिहून ठेवले आहे. तुकोबांची पहिली पत्नी या काळात अन्नान्न करीत गेली. संतांनी विचारले म्हणूनच सांगतो, असे म्हणून त्यांनी एका दीर्घ आत्मचरित्रपर अभंगात हे सारे कथन केले आहे. त्यात द्रव्य गेले, मान गेला, व्यवसायात तूट आली आणि लाज वाटू लागली, हा क्रम आहे. त्यानंतर त्यांनी काय केले? पडझड झालेल्या देवळाची डागडुजी मनात घेतली, संतांची काही वचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. कवित्वाची स्फूर्ती यानंतरची. माझ्या मते या अभंगातील सर्वांत मोलाचा तपशील हाच होय. आधी एकांतात आनंद गवसला आणि मग तो लोकांना वाटला, असे येथे घडलेले नाही. दुसऱ्यांच्या सुरात सूर मिळवितानाच तो हाती लागला आहे.

दुसऱ्या एका अभंगात दिवाळे, दुष्काळ, पत्नीचा कर्कशपणा, लोकांतील अपमान या प्रत्येकाला तुकोबा ‘बरे झाले’ म्हणतात. कित्येक रसिकांना हे निष्ठुर वाटते, आणि त्यांचे म्हणणे एकदम उडवून लावण्यासारखे नाही. अशा आपत्तींना बरे म्हणणे हे वैराग्य की काळजाला पडलेला घट्टा? परंतु ज्याचे दुःख खरोखर निमाले, त्याला एकेक हानी नावानिशी पुन्हा मोजण्याचे कारण नसते. ही खातेवहीतील बुडीत रकमांची उजळणी आहे आणि ती करणारा हात वाण्याचाच आहे. (महिपतींनी सांगितलेल्या कथेप्रमाणे आपल्या वाटणीची कर्जखते त्याने इंद्रायणीत सोडली, मनातील नोंदी मात्र राहिल्या.) आत्मचरित्रपर अभंगातील लाज आणि दुःख शेजारी ठेवून वाचले, तरच या ‘बरे’चा खरा स्वर ऐकू येतो.

येथे एक अडचण आहे. सुमारे साडेचार हजार अभंगांच्या गाथेत रचनेचा कालक्रम नाही. आधी शोक, मग आनंद, अशी सोयीस्कर शिडी लावण्यास १८६९ ते १८७३ या काळात निघालेल्या इंदुप्रकाशच्या आवृत्तीपासून आजपर्यंत एकाही प्रतीचा आधार मिळत नाही. बडोद्यात जन्मलेल्या दिलीप चित्रे यांनी ‘पुन्हा तुकाराम’मध्ये (१९९०) विस्कटलेला, झगडणारा तुकाराम पुढे आणला, हे त्यांचे ऋण होय, तथापि झगडा तेवढा खरा आणि आनंद सांप्रदायिक, असा ग्रह अलीकडच्या काही अभ्यासकांनी करून घेतला आहे, तो मला मान्य नाही.

कारण डोहाच्या त्याच अभंगात पुढे डोहाळ्यांची उपमा आहे, तिकडे सहसा लक्ष जात नाही. आईला जे खावेसे वाटते ती आवड गर्भाची. मुख आईचे, गोडी दुसऱ्याची. आत जे भरले तेच मुखावाटे आले, एवढेच तुकोबा सांगतात. या आनंदावर ते मालकी सांगत नाहीत, आणि ज्याच्या घरातली बायको उपाशी गेली त्या माणसाने डोहाळे पुरविण्याची उपमा योजावी, हे वर्गात शिकविताना मुलांना सांगण्याजोगे आहे.