क्रूरसिंहाला काय हवे होते?

दूरदर्शनवरील मालिकांना समीक्षेच्या पंक्तीत बसवायला आपल्याकडील जाणकार अजूनही कचरतात. पण ज्या कलाकृतीने लहानथोरांना रविवारी सकाळी घरात खिळवून ठेवले, तिने त्यांच्या मनात काय पेरले, हे विचारायला नको काय? ‘चंद्रकांता’ ही अशी मालिका. नीरजा गुलेरी यांची ही मालिका १९९४ ते १९९६ या काळात दूरदर्शनवर चालली. आज तिशी-चाळिशी ओलांडलेल्या पिढीला ती तोंडपाठ आहे.

मी त्या वेळी नुकताच शिक्षकी पेशात आलो होतो. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, पडद्यावर हिंदी, अशी बेळगाव-निपाणी भागातल्या मुलांची तिपेडी वेणी. सोमवारी वर्गात मुले भुवया उडवून एकमेकांना ‘यक्कू’ म्हणत. क्रूरसिंहाचे हे पालुपद ना हिंदीतले, ना मराठीतले, ना कन्नडमधले. म्हणूनच बहुधा ते सर्वांचे झाले. आमच्या भागातल्या कानाला मात्र त्याच्याजवळचा एक शब्द चांगला परिचयाचा आहे. इकडच्या कानडीत ‘याक’ म्हणजे ‘का?’. मुलांनी ‘यक्कू’ उचलला. ‘याक’ विचारायचे राहून गेले. क्रूरसिंह हे सारे का करतो?

मूळ कादंबरीत याचे उत्तर स्पष्ट आहे. देवकीनंदन खत्री यांनी १८८८ च्या सुमारास लिहिलेली ही हिंदी कादंबरी वाचता यावी म्हणून अनेकांनी हिंदी शिकून घेतली, असे सांगतात. चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके खत्रींकडे होते. ती राने, पडके किल्ले आणि चुनारचा गड त्यांच्या डोळ्यांसमोरचे होते. त्यामुळे तिलिस्म कितीही अद्भुत असले तरी त्यामागचे राजकारण जमिनीवरचे आहे. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे परस्परांवर प्रेम आहे. मध्ये उभा आहे विजयगढच्या वजिराचा मुलगा क्रूरसिंह. तो गादीच्या अगदी जवळ वाढला, पण गादीवर त्याचा हक्क नाही. राजकन्या हाती आली तर गादीची वाट मोकळी होते, हा त्याचा हिशेब. तो फसल्यावर तो चुनारच्या शिवदत्ताला जाऊन मिळतो आणि घरचे भांडण परराज्याच्या दारात नेतो. हे मायावी दैत्याचे वागणे नव्हे. कोणत्याही दरबारात, किंबहुना कोणत्याही संस्थेत, हा मनुष्य सापडतो.

मालिकेने या हेतूचे काय केले? अखिलेंद्र मिश्र यांचा अभिनय जबरदस्त, यात शंका नाही. पण रंगभूषेने त्यांना वर चढवलेल्या भुवया दिल्या आणि संवादांनी एक पालुपद दिले. क्रूरसिंह पडद्यावर आला की हा दुष्ट, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळे. त्याला काय हवे आहे, हे मग कोणी विचारीना. नाव क्रूर, भुवया क्रूर, संपला प्रश्न.

गंमत अशी की, ही कथाच मुळी ऐयारांची आहे. ऐयार म्हणजे वेष पालटण्यात तरबेज असा हेर. बटव्यातली पूड हुंगवून तो बेशुद्ध करतो, लखलखा हुंगवून शुद्धीवर आणतो आणि क्षणात दुसऱ्याचे रूप घेतो. समोर सखी दिसते ती सखी असेलच असे नाही. ‘चेहऱ्यावर विसंबू नका’ हाच ऐयारीच्या जगाचा पहिला धडा. आणि याच कथेच्या मालिकेने आपल्याला भुवयांवरून दुष्ट ओळखायला शिकवले! माझ्या मते मालिकेतला हा सर्वांत मोठा दोष. लांबत गेलेली कथानके किंवा भडक पोशाख यांकडे कानाडोळा करता येईल; याकडे करता येणार नाही.

मालिकेतच याला एक उतारा होता. इरफान खान यांनी रंगवलेला ऐयार बद्रीनाथ पाहावा. तो शिवदत्ताचा चाकर, म्हणजे खलपक्षाचा. पण त्याच्या चेहऱ्यावर ‘मी वाईट’ अशी पाटी नाही. कादंबरीत तर बद्रीनाथ पुढे वीरेंद्रसिंहाच्या बाजूला येतो. शत्रूचा गुणी माणूस उद्या आपला होऊ शकतो, हे खत्रींना मान्य होते.

मराठी रसिकाला ही जाण नवी नाही. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकात (१९०९) नारायणरावाच्या खुनामागचे राजकारण येते. तिथे आनंदीबाईला भुवया चढवाव्या लागत नाहीत. नवऱ्याला पेशवाई मिळावी ही तिची आस आपल्याला समजते आणि समजते म्हणूनच अंगावर काटा येतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११ ते २०१९) या इंग्रजी अद्भुत मालिकेतला पीटर बेलिश हा याच जातीचा. हलक्या कुळातला, बारीक आवाजाचा, हसतमुख. स्टार्क आणि लॅनिस्टर घराण्यांत वैर पेटवून तो स्वतः पायऱ्या चढतो. क्रूरसिंहाचाच हिशेब; फक्त रंगभूषा उतरवलेली.

आणि दूर कशाला? कित्तूर आपल्याच जिल्ह्यातले. १८२४ साली राणी चन्नम्मांनी इंग्रजांशी झुंज दिली आणि थॅकरे मारला गेला. त्या कथेत मल्लप्पा शेट्टी आणि वेंकटराव यांना परंपरा फितूर म्हणून ओळखते. आमची मुले, मराठी शाळेतली आणि कन्नड शाळेतलीही, ही नावे उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात. पण त्यांना कशाचा लोभ होता, कशाचे भय होते, हे विचारले की वर्ग गप्प होतो. फितूर म्हणजे फितूर, असे समजून आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

दोन भाषांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना ही सवय परवडणारी नाही. नावावरून, बोलीवरून, पाटीवरून माणसाला ‘आपला’ किंवा ‘परका’ ठरवण्याचा मोह इथे रोजचा आहे. तीही एक भुवईच. नौगढ आणि विजयगढ ही शेजारची राज्ये. त्यांच्यातल्या अविश्वासावर कोणाची पोळी भाजली जात होती, हे पाहिले की सारी कथा उलगडते. गल्लीतले भांडण असो, सोसायटीची निवडणूक असो की राज्यांचा तंटा, हाच प्रश्न आधी विचारावा.

‘चंद्रकांता’ पुन्हा पाहायला मिळाली तर मुलांना जरूर दाखवावी. तिच्यातली अद्भुताची ओढ खरी आहे आणि त्या ओढीनेच कित्येक जण पुस्तकापर्यंत पोहोचले. मात्र क्रूरसिंह दिसताच सारे हसू लागले की वडीलधाऱ्यांनी मुलांना हळूच विचारावे, ‘याला हवे तरी काय?’ ज्या मुलाला याचे उत्तर देता येईल, त्याला पुढे साध्या भुवयांचा क्रूरसिंह ओळखणे फारसे जड जाणार नाही.