योशिदांचा ताज, बुऱ्हाणपूरहून पाहताना

हिरोशी योशिदा (१८७६–१९५०) या जपानी चित्रकाराची ताजमहालावरील काष्ठमुद्राचित्रे एका ग्रंथात प्रथम पाहिली, तेव्हा मन आग्र्यास न जाता तापीपलीकडे जैनाबादला गेले. मुमताजमहल जून १६३१ मध्ये आपल्याच शहरात बाळंतपणात वारली. आहूखान्यात तिचे पहिले दफन झाले आणि डिसेंबरात देह आग्र्याकडे नेण्यात आला. योशिदा १९३० च्या अखेरीस थोरला मुलगा तोशी याच्यासह भारतात आले. ताजची चित्रे १९३१-३२ ची. मध्ये तीनशे वर्षे!

योशिदा मूळचे तैलरंगांचे व जलरंगांचे. चाळिशी उलटल्यावर, १९२० मध्ये, वातानाबे या प्रकाशकासाठी ते मुद्राचित्रांकडे वळले. १९२३ च्या भूकंपात प्रकाशकाकडील ठसे जळून गेले, आणि पुढे १९२५ पासून त्यांनी स्वतःची कार्यशाळा चालविली. जुन्या रीतीत रेखाटणारा, कोरणारा, छापणारा व प्रकाशक हे चौघे निराळे असत. योशिदांनी कोरणे-छापणे स्वतः शिकून घेऊन कारागिरांवर देखरेख ठेवली. चित्राच्या कडेचा ‘जिझुरी’ हा शिक्का त्याचीच ग्वाही देतो. छिटाचे ठसे पाहिलेल्या वाचकास हे काम समजावून सांगणे नको. प्रत्येक रंगास वेगळा ठसा, आणि कागद दर वेळी त्याच खाचेस टेकला पाहिजे. केसभर सरकला की सारे फुकट. निक्कोच्या योमेई दरवाजाचे चित्र ९६ वेळा छापून सिद्ध झाले आहे. (मोजणी खात्याचे नकाशे आयुष्यभर हाताळलेल्या माणसास या आकड्याने घाम फुटतो.)

१९२६ च्या शिडाच्या होड्यांत त्यांनी तेच ठसे रंग पालटून सकाळ, दुपार, धुके, रात्र यांसाठी वापरले. ताजच्या सहा चित्रांमागेही हीच दृष्टी आहे. पहाटेच्या धुक्यातील घुमट तर केवळ अप्रतिम! तरीही माझी तक्रार आहे. या चित्रांत प्रहर दिसतो, काळ दिसत नाही. तेथे कोणी पुरलेले आहे, याची जाणीव कोठेच होत नाही. डोंगर पाहावा तसा हा ताज पाहिलेला आहे. योशिदा गिर्यारोहक होते, कांचनगंगेचीही चित्रे त्यांनी याच प्रवासातून केली, हे येथे आठवते. याउलट फत्तेपूर सिक्रीचे चित्र पाहावे. जाळीतून आत आलेला सोनेरी उजेड, त्यात बसलेली माणसे. इथे वास्तूत कोणी राहून गेले आहे असे वाटते. माझ्या मते त्यांच्या भारतीय चित्रांतील सर्वश्रेष्ठ हेच.

पत्नी फुजिओ, तोशी व होदाका हे पुत्र आणि नात आयोमी यांनी ही कला पुढे नेली. १९३९ च्या इंग्रजी पुस्तकात योशिदांनी आपली रीतही मोकळेपणाने सांगून ठेवली. अजिंठा, वेरूळ, सांची यांनाही त्यांच्या ठशांत जागा मिळाली. अजिंठा तर आपल्या शेजारचाच. आहूखान्याचे मुद्राचित्र मात्र कोणी कोरलेले अद्याप माझ्या पाहण्यात नाही.