‘पैसे कुठे घेतोय आपण?’ : हौशी ड्रोनचं फुटेज आणि आपले शैक्षणिक व्हिडिओ

संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. विषय समजावणारा व्हिडिओ करायचाय. मोफत आहे, कुणाकडून रुपया घेत नाही. मित्राकडे ड्रोन आहे, त्याने हौसेनं केलेलं शूटिंग आहे. ते वापरलं तर चालेल ना? आणि उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्य तयार असतं : ‘पैसे कुठे घेतोय आपण?’

आज मला या वाक्याचीच चिकित्सा करायची आहे. ते ऐकायला एक कारण वाटतं, पण त्याच्यावर निदान चार वेगळ्या प्रश्नांचं ओझं टाकलेलं असतं. उड्डाण नियमात होतं का, फुटेज कुणाचं, आपला वापर कायद्यात बसतो का, आणि आपण त्यातून जे सांगतोय ते फुटेज खरंच दाखवतं का. पैशाचा संबंध यातल्या काहींशी थोडाफार येतो. शेवटच्याशी अजिबात नाही, आणि संशोधक म्हणून आपल्याला सगळ्यात महाग पडणारा तोच आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करतो. कारण या विषयावर शोधायला गेलात की समोर येणारी बरीचशी माहिती तिकडची असते, आणि आपली मुलं ‘हॉबी’, ‘पार्ट १०७’ हे शब्द तिथूनच उचलतात. तिथे कायद्याने हौशी उड्डाणाला सवलत दिली आहे, पण अट अशी की उड्डाण निव्वळ मनोरंजनासाठी हवं. पैसे मिळाले की नाही ही कसोटीच नाही, असं तिथली विमान वाहतूक संस्था एफएए स्पष्ट सांगते. शाळेच्या वेबसाइटसाठी फुटबॉल सामन्याचे फोटो काढणं, एखाद्या ना-नफा संस्थेसाठी समुद्रकिनाऱ्याची फुकट पाहणी करणं, ही तिच्या लेखी हौस नव्हे. म्हणजे ‘पैसे कुठे घेतोय’ हे वाक्य जिथून आयात झालं असं वाटतं, तिथेच ते चालत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१३ मध्ये मिसुरी आणि नेब्रास्का या दोन विद्यापीठांच्या ड्रोन पत्रकारितेच्या उपक्रमांना एफएएची पत्रं गेली आणि उड्डाणं थांबली. मे २०१६ मध्ये त्याच संस्थेनं खुलासा केला, त्याचा आशय असा : विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून ड्रोन उडवत असेल तर ती हौस धरता येईल, पण शिकवण्याचा पगार घेणाऱ्या प्राध्यापकाला तेच उड्डाण हौस म्हणून करता येणार नाही, फार तर किरकोळ मदत करता येईल. एकच माळरान, एकच ड्रोन, पण रिमोट कुणाच्या हातात त्यावर उत्तर बदलतं. हे विचित्र वाटलं तर तुम्ही एकटे नाही. २०१८ च्या कायद्यात कलम ३५० घालून उच्च शिक्षण संस्थांमधल्या शिक्षण-संशोधनाच्या उड्डाणांना मनोरंजनाच्या सवलतीत आणावं लागलं.

या सगळ्यात आपल्या कामाचा धागा मात्र २०१५ सालचा आहे. वृत्तवाहिन्यांनी हौशी लोकांचं फुटेज वापरावं का, या प्रश्नावर एफएएची भूमिका अशी होती : उड्डाणावर वाहिनीचं नियंत्रण नव्हतं, त्यात तिचा सहभाग नव्हता, तर नंतर ते फुटेज वापरणं आमच्या अखत्यारीत येत नाही. उडवणाऱ्याचा उड्डाणाच्या वेळचा हेतू बघितला जातो. मित्राने गेल्या वर्षी मजेखातर शूट केलेलं तुम्ही आज मागितलं, हा एक प्रकार. ‘रविवारी माझ्या व्हिडिओसाठी तेवढं शूट करून दे’ हा पूर्णपणे दुसरा. फुटेज दोन्हीकडे हुबेहूब सारखं असेल, पण दुसऱ्या उड्डाणाला हौस म्हणणं कठीण. विमान वाहतुकीचा नियम उड्डाणाला लागतो, क्लिपला नाही. हा फरक डोक्यात पक्का बसला की निम्मा गोंधळ जातो.

आता भारतात या. इथे तेच उत्तर जसंच्या तसं चिकटवता येत नाही, कारण आपल्याकडच्या नियमांची बांधणीच वेगळी आहे. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांत पहिली विभागणी वजनाची आहे. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, मग स्मॉल, मीडियम, लार्ज. नॅनो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोला लागत नाही ते फक्त उद्देश अव्यावसायिक असेल तर. म्हणजे पैशाचा प्रश्न आपल्याकडे आहे, पण तो एका वजनगटात, एका प्रमाणपत्रापुरता. ‘अव्यावसायिक’ म्हणजे काय याची व्याख्या मात्र नियमांच्या सुरुवातीच्या व्याख्यांत शोधून सापडत नाही. विद्यापीठाच्या प्रकल्पाच्या निधीतून चाललेला व्हिडिओ अव्यावसायिक का? क्लासच्या चॅनेलवरचा मोफत धडा, जो बघून मुलं पैसे भरून प्रवेश घेतात, तो? इथे ठामपणे ‘चालतं हो’ म्हणणाऱ्याला मी विचारेन की हे कुठल्या ओळीत वाचलं.

बाकीच्या अटींना तुमचा हेतू किती उदात्त आहे याचं काही देणंघेणं नाही. ड्रोनची नोंदणी आणि ओळख क्रमांक हवा. हिरव्या क्षेत्रात साधारण १२० मीटर उंचीची मर्यादा, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटर. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचे अपवाद सोडून. त्यामुळे ‘मामाने दुबईहून आणलाय’ हे वाक्य ऐकलं की जरा थांबा. फुटेज त्यामुळे आपोआप बेकायदा होत नाही. पण तुमच्या व्हिडिओत जागा दिसते, तारीख असते आणि शेवटी मोठ्या प्रेमाने मित्राचं नाव येतं. आभारप्रदर्शन नव्हे, कबुलीजबाबच तो, आणि तोही दुसऱ्याचा.

उदाहरण म्हणून लोणार घेऊ. भूगोल-भूशास्त्राच्या मुलांना या सरोवराचं वरून केलेलं फुटेज हवंच असतं, कारण बेसॉल्टमधलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आघात विवर काठावर उभं राहून नीट कळत नाही. पण लोणार हे वन्यजीव अभयारण्यही आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाचा परवाना ज्या कामांसाठी मिळू शकतो त्यात छायाचित्रण आणि वैज्ञानिक संशोधन ही वेगवेगळी लिहिली आहेत. ड्रोन नियमांतून सुटलात म्हणजे वन विभागातून सुटलात असं नाही.

फुटेजच्या मालकीकडे वळू. मित्राचं असेल तर तोंडी ‘घे रे’ वर सगळं भागतं, आणि तिथेच पुढची भांडणं पेरली जातात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं दृश्यमुद्रण ‘सिनेमॅटोग्राफ फिल्म’ या गटात येतं आणि त्याचा कर्ता म्हणजे निर्माता, ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. रिमोट धरणारा आणि निर्माता एकच असेल असं नाही. ट्रेकिंग ग्रुपने वर्गणी काढून शूटिंग करवलं असेल तर परवानगी कुणाकडे मागायची हे आधी ठरवा. दोन ओळींचा ईमेल पुरतो.

अनोळखी माणसाचं फुटेज असेल तेव्हा ‘शैक्षणिक वापर’ हा मंत्र बाहेर येतो. त्याला थोडा आधार आहे. कलम ५२(१)(आय) नुसार शिक्षक किंवा विद्यार्थी अध्यापनाच्या ओघात एखाद्या कृतीची प्रत करू शकतात. दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या तरतुदीचा अर्थ उदारपणे लावला. अध्यापन म्हणजे फक्त तासाची चाळीस मिनिटं नव्हेत, आणि किती पानं यापेक्षा शिकवण्यासाठी गरज होती का हे महत्त्वाचं. निकाल मुळातून वाचा, युक्तिवाद कसा उभा राहतो ते शिकायला मिळतं. पण त्या खटल्यात ठरावीक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या छापील संचांचा प्रश्न होता. जगाला खुला असलेला व्हिडिओ चढवणं म्हणजे नुसती प्रत करणं नाही, ते ‘जनतेपर्यंत पोहोचवणं’ आहे, आणि कायद्यात तो वेगळा हक्क आहे. वर्गात दाखवणं आणि चॅनेलवर टाकणं यांत ही दरी आहे. ‘दिल्ली विद्यापीठ जिंकलं ना’ म्हणून ती बुजत नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण असली तरी अक्षरं वाचावी लागतात. एनसी असेल तर वापर मुख्यतः व्यापारी फायद्यासाठी नसावा. एनडी असेल तर बदललेलं रूप प्रसारित करता येत नाही, आणि काटछाट करून, त्यावर बाण आणि स्वतःचं निवेदन चढवून केलेला व्हिडिओ म्हणजे बदल नव्हेच असं म्हणणं अवघड आहे. यूट्यूबचं म्हणाल तर २०२०-२१ मध्ये बदललेल्या अटींनुसार तुम्ही कमाई सुरू केली नसेल तरी ते तुमच्या व्हिडिओवर जाहिरात दाखवू शकतात. तुम्हाला दमडी मिळत नाही, पण व्हिडिओवर कुणीतरी कमावतंय.

आता चौथा प्रश्न. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि वरून काढलेली दृश्यं देशभर फिरली. त्यावर केलेल्या व्हिडिओंचा साचा ठरलेला. आधी गुलाबी सरोवर, मग निवेदन : ‘तुम्ही बघू शकता, क्षार वाढल्यामुळे…’ नाही, बघू शकत नाही! दृश्यात दिसतो तो रंग. क्षार दिसत नाहीत, सूक्ष्मजीव तर नाहीतच. कारण कळलं ते पाण्याच्या नमुन्यांतून. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बनवणाऱ्या हॅलोआर्किया गटातल्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. ते तळाशी बसले की पाणी स्वच्छ दिसत होतं. हा पुरावा बाटलीत होता. ड्रोनचं दृश्य हे त्या पुराव्याचं चित्र.

आणि तो रंग तरी कितपत भरवशाचा? हौशी माणूस दृश्य सुंदर दिसावं म्हणून शूट करतो, त्यात वावगं काही नाही. तो व्हाइट बॅलन्स आपोआपवर ठेवतो, संध्याकाळचं ऊन निवडतो, नंतर रंग जरा खुलवतो. मेच्या आणि जूनच्या दोन क्लिप शेजारी ठेवून ‘रंग किती बदलला बघा’ म्हणायचं तर कॅमेरा, वेळ, सेटिंग सारखं हवं. हौशी फुटेजबरोबर ही माहिती सहसा येत नाही. आकाराचंही तसंच. १२० मीटरवरून सरळ खाली बघणाऱ्या साधारण कॅमेऱ्यात पावणेदोनशे मीटरच्या आसपास रुंदी मावते. अख्खं विवर एका चौकटीत दिसतंय म्हणजे दृश्य तिरकं आहे किंवा जोडलेलं. त्यावर पट्टी ठेवून पाणी किती आटलं ते सांगू नका. आणि उंची खरंच खूप जास्त वाटत असेल तर पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे जा.

याहून बोचरं उदाहरण २०१८ च्या नोव्हेंबरमधलं आहे. रशियातल्या मागादान भागातला तो अस्वलाच्या पिल्लाचा व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. बर्फाच्या उभ्या उतारावरून पिल्लू घसरतं, पुन्हा चढतं, शेवटी आईपाशी पोहोचतं. जिद्दीचा धडा म्हणून तो जगभर फिरला. वन्यजीव अभ्यासकांनी मात्र दुसरंच वाचलं. एवढ्या धोक्याच्या उतारावर आई पिल्लाला नेतेय, मध्येच कॅमेरा जवळ येताच पंजा मारते आणि पिल्लू पुन्हा खाली जातं. ती ड्रोनला भ्यायली असण्याची दाट शक्यता त्यांनी मांडली. अमेरिकेत काळ्या अस्वलांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ड्रोन डोक्यावर आल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके झपाट्याने वाढलेले नोंदले गेले होते, बाहेरून ती शांत दिसत असतानाही. म्हणजे हा व्हिडिओ ‘अस्वलाचं वर्तन’ म्हणून वर्गात दाखवणं चूक. ‘निरीक्षकामुळे वर्तन कसं बिघडतं’ म्हणून दाखवणं अगदी योग्य.

गंमत म्हणजे कायद्याच्या बाजूनेही हा दुसरा वापर जास्त भक्कम आहे. कलम ५२(१)(ए) मध्ये समीक्षेसाठी उचित वापराला मुभा आहे. त्या फुटेजबद्दलच तुम्ही बोलताय, त्याची तपासणी करताय, गरजेपुरती सेकंदं घेताय, तर तुमच्याकडे मांडायला बाजू आहे. निवेदनामागे काहीतरी हलतं दिसावं म्हणून तीच क्लिप लावली, तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी. तिला समीक्षा कशी म्हणणार? माझ्या मते बहुतेक शैक्षणिक व्हिडिओंतलं ड्रोन फुटेज हे कॅलेंडरच असतं, आणि ते काढून टाकलं तर धडा काडीइतकाही कमी होत नाही.

ज्यांना ते खरंच लागतं, त्यांनी फुटेजवाल्याला साधा निरोप पाठवावा. ड्रोनचं वजन किती होतं आणि नोंदणी आहे का. कधी, कुठे, किती उंचीवरून शूट केलं, परवानगी कुणाची घेतली. शूटिंग तेव्हा कशासाठी केलं होतं. रंग, वेग किंवा क्रम बदललाय का, आणि मूळ फाइल मिळेल का. व्हिडिओ खुल्या चॅनेलवर कायम राहणार आहे हे त्यात स्पष्ट लिहा. उत्तर आलं की त्यातली तारीख, उंची आणि ‘रंग बदलला आहे’ किंवा ‘बदललेला नाही’ एवढं दृश्याच्या खालच्या पट्टीतच टाका, वर्णनाच्या तळाशी नको, तिथे कुणी वाचत नाही.