नदीचा निरोप: फ्लाय बांधण्याची कला आज कुठे आहे?

फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे चार तंतू, केसासारखी बारीक तांब्याची तार आणि नखावर मावेल एवढा गळ. दोरा नाही, मेण नाही. आधी तार गळाच्या दांड्यावर गुंडाळायची आणि पुढच्या भागात तिचेच चार थर जास्त देऊन छोटा उंचवटा करायचा. मग तंतूंची टोकं शेपटीसारखी मागे थोडी बाहेर ठेवून तारेनं आवळायची. उरलेले तंतू तारेबरोबर पिळायचे आणि तो पीळ गळाच्या डोळ्यापर्यंत वेढत न्यायचा. शेवटी तेच तंतू उंचवट्यावरून एकदा मागे, एकदा पुढे दुमडले की पंखांच्या कोषाचा फुगवटा तयार होतो. वर तारेचे दोन-तीन वेढे दिले की काम झालं.

ही ‘फेझंट टेल निम्फ’. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी ती घडवली आणि 1958 च्या ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ या पुस्तकात तिची सगळी कृती सांगितली. या फ्लायला पाय नाहीत. एरवी कीटकाचे पाय दाखवायला गळ्याशी पिसाचं कडं गुंडाळण्याचा रिवाज होता. सॉयर यांचं आयुष्य पाण्याकडे बघण्यात गेलं होतं. मेफ्लाय या कीटकाचं पिल्लू पोहताना पाय अंगाला चिकटवून घेतं, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी पाय गाळले.

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, लोकर, केस, तार बांधून केलेला खोटा कीटक. कोकणात गरीला कोळंबी लावून गरवणाऱ्याच्या मदतीला वास असतो, चव असते. फ्लायकडे यातलं काहीच नसतं. आकार, रंग आणि पाण्यातली हालचाल एवढ्याच भांडवलावर तिला ट्राउटला फसवायचं असतं, आणि फसगत लक्षात आली की ट्राउट ती क्षणात थुंकून टाकतो. त्यामुळे फ्लाय बांधणाऱ्याला रोजच्या रोज उत्तर मिळतं. नदी त्याला कळवते की रंग गडद झाला, अंग जाड झालं, फ्लाय पाण्यावर कलंडते आहे. तो घरी येऊन हात सुधारतो. ही कला आज कोणत्या अवस्थेत आहे ते ठरवायला मला हीच कसोटी खरी वाटते: नदीचा निरोप बांधणाऱ्याच्या हातापर्यंत परत पोचतो का?

कलेचा उगमही अशाच निरोपात आहे. इसवी सन 200 च्या सुमारास एलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या मासेमारांबद्दल लिहून ठेवलं आहे. तिथल्या नदीवर उडणारा कीटक मासे आवडीनं खात, पण माणसाचा हात लागला की त्याचा रंग जाई, पंख कोमेजत, आणि मग तो आमिष म्हणून निरुपयोगी ठरे. तेव्हा त्यांनी गळावर लाल लोकर गुंडाळली आणि तिला कोंबड्याची दोन पिसं जोडली. 1496 साली इंग्लंडमध्ये छापल्या गेलेल्या मासेमारीवरच्या प्रबंधात बारा फ्लाय दिल्या आहेत, त्या महिन्यांच्या क्रमानं. कोणत्या महिन्यात कोणता कीटक पाण्यावर येतो याचं ते पंचांगच होतं.

पुढे फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी 1886 मध्ये तरंगत्या फ्लायचं शास्त्र मांडलं. पृष्ठभागावर बसलेल्या कीटकाची हुबेहूब नक्कल करायची आणि वर येणाऱ्या माशालाच ती दाखवायची, हा त्यांचा आग्रह. अनुयायांनी त्याचा धर्म केला. जी. ई. एम. स्क्यूज यांनी मात्र पकडलेल्या ट्राउटच्या पोटातून चमच्यानं अन्न काढलं, पांढऱ्या बशीत पाण्यात सोडलं आणि पाहिलं. पुष्कळसे कीटक पाण्याखालचे, पंख न फुटलेले होते. मासा जे खातो ते दाखवण्यात गैर काय, असं ते 1910 पासून लिहीत राहिले. हा वाद इतका पेटला की 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा झाली. सॉयर यांची निम्फ या वादातून उघडलेल्या वाटेनं आली. बशीतला पुरावा आणि ग्रंथातला नियम यांच्यात स्क्यूज यांनी पुरावा निवडला. या कलेतल्या मोठ्या माणसांनी वेळोवेळी हेच केलं आहे.

या कसोटीवर आजचं चित्र पाहू लागलं की पहिली अडचण येते ती सामन फ्लायची. अटलांटिक सामन अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो तेव्हा तो खाणं जवळजवळ सोडून देतो. मग नक्कल कशाची करायची? व्हिक्टोरियन इंग्लंडनं उत्तर दिलं: सौंदर्याची. जॉर्ज केल्सन यांच्या 1895 च्या ‘द सामन फ्लाय’मध्ये एकेका फ्लायला जगभरच्या पक्ष्यांची पिसं लागतात. त्यांतलं एक आपल्या घरचं आहे. सह्याद्रीच्या रानात पहाटे बांग देणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरची पिसं जवळून पाहावीत. काळपट पिसाच्या टोकाशी वितळलेल्या मेणाचा थेंब पडून वाळावा तसा पिवळसर पांढरा, कडक, चकचकीत ठिपका असतो. फ्लायच्या दोन्ही बाजूंना ते पीस लावलं की डोळा उमटतो. ‘जॉक स्कॉट’सारख्या नामांकित फ्लाय त्याच्यावाचून पुऱ्या होत नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे या पक्ष्याला संरक्षण आहे. परदेशातले बांधणारे आता पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात.

आज या फ्लाय बांधणाऱ्यांचं कसब थक्क करणारं आहे. पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात. वेगवेगळ्या रंगांचे तंतू एकमेकांत अडकवून हे लोक एकसंध पंख विणतात, आणि जोड दिसत नाही. पण यांतल्या कित्येक फ्लाय पाण्यात कधीच जात नाहीत. त्या चौकटीत बसतात. नदीचं उत्तर येणंच थांबलं, तेव्हा कलाकृतीचं मोल कशावर ठरवायचं? ते हळूहळू पिसाच्या दुर्मिळतेवर ठरू लागलं. या वाटेचा शेवट 2009 मध्ये दिसला. इंग्लंडमध्ये ट्रिंग इथल्या निसर्गेतिहास संग्रहालयातून 299 पक्ष्यांची जतन केलेली कातडी चोरीला गेली. चोर स्वतः सामन फ्लाय बांधणारा, हातात कला असलेला तरुण होता. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 19 व्या शतकात गोळा केलेले नमुनेही त्यांत होते. कित्येकांच्या पायाच्या चिठ्ठ्या तोडल्या गेल्या, आणि चिठ्ठी गेली की पक्षी कुठून, कधी आला हे विज्ञानाला कायमचं कळेनासं होतं. कोंबडी-बदकांची पिसं रंगवून तीच फ्लाय बांधणारे आज पुष्कळ आहेत. माझ्या लेखी या शाखेची इज्जत त्यांनी राखली आहे.

इथे एक उदाहरण माझी कसोटीच तपासायला लावतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ब्रोराजवळ एका छोट्या घरात मेगन बॉइड या बाई आयुष्यभर सामन फ्लाय बांधत बसल्या. 1971 मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं, 2001 मध्ये त्या वारल्या. त्यांनी स्वतः मासे मारले नाहीत. तरीही त्यांची फ्लाय नदीत उतरायची, कारण गळ टाकणारी माणसं त्यांच्या दाराशी यायची, पाणी कसं आहे ते सांगायची, नवी फ्लाय मागायची. म्हणजे नदीचा निरोप बांधणाऱ्यानं स्वतःच आणला पाहिजे असं नाही. कुणीतरी तो त्याच्या दारापर्यंत आणला, की पुरतं.

नेमकी हीच गोष्ट कारखान्यांत तुटलेली आहे. दुकानांत विकल्या जाणाऱ्या फ्लायचा मोठा हिस्सा केनिया, थायलंड, श्रीलंका इथल्या कारागिरांनी बांधलेला असतो. एकाच नमुन्याच्या डझनांवर डझन फ्लाय, सगळ्यांचं शेपूट सारख्याच लांबीचं, हे सोपं काम नाही. घरी हौसेनं बांधणाऱ्या आपल्यासारख्यांना ती सफाई वर्षानुवर्षं साधत नाही. पण डबीवर नाव छापलं जातं ते कंपनीचं किंवा नमुना रचणाऱ्याचं. ती फ्लाय कोणत्या नदीत पडली, माशानं घेतली की नाकारली, हे बांधणारीला कुणी कळवत नाही. तिच्या बोटांना फ्लायमधली खोट सगळ्यांत आधी जाणवत असणार, पण ते सांगायला तिला जागाच ठेवलेली नाही. या कलेवर लिहिणारे पिसांबद्दल पानंच्या पानं लिहितात. या हातांबद्दलही तितकंच लिहिलं पाहिजे.

स्पर्धेच्या मासेमारीत निरोप येतो, आणि झटपट येतो. गळाच्या डोक्याशी टंगस्टनचा जड मणी, गुळगुळीत अंग, वर अतिनील प्रकाशाखाली पाहता पाहता कडक होणारं पारदर्शक रेझिन. स्पेनमध्ये घडलेली ‘पेर्दिगोन’ अशी सुरीसारखी तळाला जाते. जुन्या वळणाचे लोक तिला फ्लाय मानायला तयार नसतात. मला तो आक्षेप पटत नाही. जलद प्रवाहातला मासा तळाशी चरतो, हे पाण्यानंच शिकवलेलं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ही फ्लाय सगळ्या नद्यांना एकच प्रश्न विचारते: किती खोल? जुन्या यॉर्कशरच्या फ्लायला यॉर्कशरचं पाणी माहीत होतं. पेर्दिगोनला गाव नाही.

साहित्याच्या सुकाळानंही एक सवय लावली आहे. दोरे, मणी, चकाकते धागे, खास पिसांसाठी पैदास केलेले कोंबडे, सगळं घरपोच मिळतं. व्हिडिओ पाहून कुठल्याही गावातला मुलगा महिन्याभरात नीटस फ्लाय बांधू शकतो, आणि हे फार चांगलं झालं आहे. पूर्वी ही विद्या ओळखीशिवाय मिळत नसे. पण कृती म्हणजे खरेदीची यादी होऊन बसली आहे. सॉयर यांच्याच ‘किलर बग’ या फ्लायचं बघा. तिच्यासाठी त्यांनी मोजे रफू करायची चॅडविक कंपनीची 477 क्रमांकाची लोकर वापरली. भिजली की ती गुलाबी झाक घेई आणि पाण्यातल्या झिंग्यासारखी दिसे. ती लोकर पुढे बंद झाली, आणि तिचे उरलेले तुकडे संग्राहक मौल्यवान वस्तूसारखे जपू लागले. सॉयर यांनी रफूच्या डब्यातली लोकर उचलली होती, कारण ती भिजल्यावर कशी दिसते हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांचा खरा वारसा चालवायचा तर आपल्या घरातली लोकर वाटीभर पाण्यात बुडवून पाहायला हवी.

जपानच्या डोंगरी नद्यांवर ‘तेनकारा’ पद्धतीनं गळ टाकणाऱ्यांनी हे मर्म जपलं आहे. त्यांची ‘केबारी’ साधी असते: दोऱ्याचं अंग आणि एक पीस. ‘साकासा केबारी’त ते पीस पुढच्या बाजूला उलटं झुकलेलं असतं, त्यामुळे दोर हलकेच ओढला-सोडला की तंतू मिटतात, उघडतात आणि फ्लाय जिवंत होते. त्याच देशात कानाझावाची ‘कागा केबारी’ सोन्याच्या वर्खानं नटते. साधेपणा आणि नटवेपणा दोन्ही तिथे नांदतात, कारण दोन्ही आपापल्या पाण्याला आणि आपापल्या माशाला बांधील आहेत.

मी स्वतः पुण्यात टेबलाला लहान शिकंजा लावून बांधतो आणि वर्षाकाठी एकदा हिमाचलात तीर्थन नदीवर जातो. एकदा महिनाभर बांधलेल्या तरंगत्या फ्लाय तिथे पाण्यावर पडल्या की एका कुशीवर कलंडायच्या. टेबलावर त्या भरगच्च, देखण्या दिसत होत्या. काठावर बसून कात्रीनं एकीच्या पोटाखालचे पिसाचे तंतू सपाट कापले. ती पाण्यावर नीट बसली, आणि तिसऱ्या फेकीला ट्राउट वर आला. त्या दिवसापासून मी पिसाचे वेढे निम्मे केले.

पण तीर्थनचा ट्राउट इंग्रजांनी आणून सोडलेला, आणि माझ्या फ्लायही त्याच्याबरोबर आलेल्या. आपल्या पाण्याची फ्लाय अजून घडायची आहे. आपला मासा महसीर. तो किडे खातो, खेकडे खातो, लहान मासे खातो, आणि काठच्या झाडांवरून पडलेली फळंही खातो. नदीकाठच्या उंबराचं पिकलेलं फळ पाण्यात पडतं तेव्हा ते कसं बुडतं, किती वेळ तरंगतं, मासा त्याच्याकडे कोणत्या बाजूनं येतो? हरणाचे पोकळ केस गळावर फुलवून, कातरून तसं फळ बांधता येईल. त्याची कृती कुठल्याही इंग्रजी पुस्तकात शोधायची गरज नाही.

महाडजवळ वाळण कोंडीत महसीर देवाचे मासे म्हणून राखले जातात. तिथे कुणी गळ टाकत नाही, टाकूही नये. पण काठावर उभं राहून बघायला कुणाची मनाई नाही. खाणं पडलं की काळपट पाठी वर येतात, तोंडं उघडतात, पाण्यावर वलयं उठतात. फ्लाय बांधू पाहणाऱ्या मराठी मुलाला मी पहिला शिकंजा घ्यायच्या आधी तिथे नेईन आणि तासभर नुसतं बघायला सांगेन.