जात्यावरची सिंधू

दारू सोडा म्हणून सांगणारी गाणी मराठीत उदंड आहेत. कीर्तनांत आहेत, जलशांत आहेत, प्रभातफेरीत पोरांनी घसा बसेपर्यंत म्हटलेली आहेत. बहुतेकांचा घाट एकच: पिणाऱ्याला समोर उभं करायचं, त्याच्या संसाराची धूळधाण त्याला ऐकवायची आणि शेवटी देवाची आण घालायची. पिणारा मान डोलावतो आणि संध्याकाळी ठरल्या जागी हजर होतो.

‘एकच प्याला’ हे नाटक आलं तेव्हा पुण्याला हा विषय नवा नव्हता. १८८० साली जोतीराव फुल्यांनी शहरातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं. १९०८ साली टिळकांच्या पाठिंब्याने स्वयंसेवक गुत्त्यांपुढे उभे राहिले होते. राम गणेश गडकऱ्यांचं हे नाटक त्यानंतरचं. गंधर्व नाटक मंडळीने ते फेब्रुवारी १९१९मध्ये बडोद्याला रंगमंचावर आणलं, तेव्हा गडकरी जाऊन महिनाही झाला नव्हता. पदं मात्र त्यांची नाहीत. ती लिहिली विठ्ठल सीताराम गुर्जरांनी. गुर्जर मूळचे कथाकार, आणि ते या पदांच्या पथ्यावर पडलं असं मला वाटतं. प्रसंग काय आहे हे ते विसरत नाहीत.

गंमत अशी की दारूविषयीचं सगळं बोलणं नाटकात गद्यात होतं. वकील सुधाकराची सनद काही काळापुरती रद्द होते आणि त्याचा कारकून तळीराम उतारा म्हणून पहिला प्याला पुढे करतो. पिणाऱ्यांच्या आर्य मदिरा मंडळाच्या बैठकीत दारूचं समर्थन इतक्या चोख तर्काने चालतं की प्रेक्षक हसता हसता तळीरामाच्या बाजूला जाऊन बसतो. चारचौघांत, गमतीत, मैत्रीखातर घेतलेला प्याला कसा गळ्याशी येतो, हे कळायला ही जागा पुरेशी आहे. पुढे दारूचा धिक्कारही सुधाकर आपल्या लांबलचक भाषणांतूनच करतो.

गाते ती सिंधू, सुधाकराची बायको. आणि तिच्या गाजलेल्या पदांत दारूचा उल्लेखसुद्धा नाही.

जात्यावरचं पद घ्या. घरात दाणा नाही, नवरा पिऊन कुठेतरी पडलेला, श्रीमंताघरची ही लेक दुसऱ्यांची दळणं दळते आहे. अशा वेळी ती काय म्हणते? चंद्र, रामाची बाग, फुलं. कोणत्याही घरातली कोणतीही बाई पहाटे म्हणेल अशी, ओवीच्या वळणाची साधी ओळ. तक्रार नाही, रडगाणं नाही, नवऱ्याचं नावही नाही. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओळ फिरते, आणि पीठ आपल्या घरचं नाही हे फक्त आपल्याला ठाऊक असतं. गाण्यातली बाग जितकी हिरवी, तितकं ते घर उघडं पडतं. सुधाकराची पानभर भाषणं जे साधत नाहीत, ते इथे चार ओळींत साधतं.

दुसरं, जास्त लाडकं पद मला खटकतं. माहेरची माणसं न्यायला येतात आणि सिंधू पतीचे पाय सोडायला नकार देते. चाल अवीट, या नाटकाच्या चालींत सुंदराबाई जाधवांचा हात होता, आणि गळा बालगंधर्वांचा. पण त्या गोडव्यानेच घात केला. मार खाणाऱ्या बाईचं सोसणं इतकं सुरेल झालं की पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांनी त्याला ‘वन्स मोअर’ दिला आणि प्याल्याकडे पाहायचं राहूनच गेलं. पुण्यातल्या मैफलींत आजही हे पद भक्तिपदासारखं गायलं जातं. आधी काय घडलं, पुढे तान्ह्या बाळाचं काय होतं, याचा निवेदनात मागमूस नसतो. दारूविरोधी गाणं म्हणून ते फसलंच आहे, कितीही सुंदर असलं तरी.

नाट्यसंगीताची मैफल ठरवणाऱ्यांना एक विनंती: पुढच्या वेळी जात्यावरचं पद घ्या, आणि त्याआधी त्या प्रवेशातला थोडा गद्य भाग वाचून दाखवा.